भूल झेपेल का?

तातडीच्या शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाईक भूलतज्ज्ञाला जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "डॉक्टर, या वयात भूल झेपेल का?" शस्त्रक्रिया झेपेल का, असे क्वचितच कोणी विचारते. आतडे फुटले आहे, पोटात पू पसरला आहे, पोट उघडावे लागणार आहे, हे सर्वांनी कसेबसे स्वीकारलेले असते. धास्ती असते ती त्या एका इंजेक्शनाची, ज्यानंतर आपले माणूस डोळे मिटते. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी गेली अठ्ठावीस वर्षे मी भूल देण्याचे काम करीत आहे. या प्रश्नाचे खरे उत्तर शस्त्रक्रियागृहाच्या दारात, स्ट्रेचर आत ढकलले जात असताना, दोन मिनिटांत देता येत नाही. आपण घरी स्वस्थ असताना ते वाचावे, म्हणून हा लेख.

मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणे अशा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत आमच्या हाती सर्वांत मोठे औषध असते, ते म्हणजे वेळ. रक्तदाब आटोक्यात आणता येतो, साखर बसवता येते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवता येतात. तातडीच्या वेळी हे काहीच नसते. भूलशास्त्रात रुग्णांचे एक ते सहा असे वर्ग करतात. पहिल्यात धडधाकट माणूस, आणि पाचव्यात असा रुग्ण की जो शस्त्रक्रिया केली नाही तर जगण्याची अपेक्षा नाही. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर त्या आकड्यापुढे एक अक्षर जोडले जाते. कागदावर ते एकच अक्षर असते. पण ते पाहिले की माझी सगळी तयारी वेगळ्या क्रमाने सुरू होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. भूल दिल्यावर अत्यवस्थ रुग्णाचा रक्तदाब एकाएकी का कोसळतो? औषध "कडक" असते म्हणून, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पोटात जंतुसंसर्ग पसरलेला असतो किंवा रक्तस्राव होत असतो, तेव्हा शरीर आपली मूठ घट्ट आवळून धरते. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात ओतली जातात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी धावू लागते आणि उरलेसुरले रक्त हृदयाकडे व मेंदूकडे वळवले जाते. म्हणूनच अशा रुग्णाचे हात गार लागतात आणि तरीही मॉनिटरवर वरचा रक्तदाब शंभर-एकशेदहा दिसतो. नातेवाईकांना तो आकडा पाहून धीर येतो. मला येत नाही. मी त्याच्या शेजारचा नाडीचा आकडा पाहतो. नाडी वरच्या रक्तदाबापेक्षा मोठी असेल, म्हणजे रक्तदाब शंभर आणि नाडी एकशेवीस, तर ती मूठ किती जोराने आवळलेली आहे हे कळते. (रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, तेव्हा हा आडाखाही फसवा ठरतो. म्हणून गोळ्यांची नावे हवीत. त्याकडे पुढे येतोच.)

झोप आली की ही मूठ सुटते. औषध कोणतेही असो, भीती आणि वेदना नाहीशी झाली की त्यांच्या जोरावर टिकून राहिलेला रक्तदाबही ओसरतो. त्यात श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने हवा आत ढकलली जाते. त्या दाबाने छातीत परतणारे रक्त आणखी कमी होते. पहिली पाच-सात मिनिटे म्हणूनच सर्वांत अवघड. शल्यचिकित्सकाने अजून सुरीही हातात घेतलेली नसते, आणि रुग्ण तिथेच हातचा जाऊ शकतो.

कोणते औषध द्यावे, हा प्रश्न त्या पाच-सात मिनिटांचा आहे.

या निवडीला इतिहास आहे. थायोपेंटोन, जुन्या मंडळींच्या परिचयाचे पेंटोथाल, १९३४ साली वापरात आले आणि त्याने भूलशास्त्र पालटून टाकले. ईथर हुंगत गुदमरत झोपी जाण्याऐवजी माणूस काही क्षणांत शांत झोपू लागला. मग ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. रक्तस्रावाने खचलेल्या जखमी सैनिकांना हेच औषध दिले गेले आणि त्यातले कित्येक टेबलावरच दगावले, बॉम्बपेक्षा पेंटोथालने अधिक माणसे मारली, अशी कथा पुढे अनेक वर्षे भूलतज्ज्ञांच्या पिढ्यांना शिकवली गेली. नंतर जुनी कागदपत्रे तपासणाऱ्यांनी ती कथा बरीच फुगवलेली असल्याचे दाखवून दिले. पण तिचा गाभा खोटा नव्हता. धडधाकट माणसाला जी मात्रा झोपवते, तीच मात्रा रक्त गमावलेल्या माणसाला मारू शकते. माझ्या गुरूंनी मला ती कथा सांगितली तेव्हा औषधाचे नाव नव्हे, मात्रा लक्षात ठेव, असे बजावले होते.

आज सर्वाधिक वापरात असलेले औषध प्रोपोफॉल. आपण कधी कोलोनोस्कोपी करून घेतली असेल तर बहुधा तेच मिळाले असेल. सोयाबीनचे तेल आणि अंड्यातला एक घटक यांत मिसळलेले असल्याने ते दुधासारखे पांढरे दिसते. ते शोधणाऱ्या जॉन ग्लेन या मूळच्या पशुवैद्याला २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला. औषध गुणी आहे. झोप गोड, जाग स्वच्छ, मळमळ कमी. पण ते रक्तवाहिन्या सैल सोडते, आणि आवळलेली मूठ उघडण्यात त्याचा हात कोणी धरू शकणार नाही. अत्यवस्थ वृद्धाला ते द्यायचेच झाले तर नेहमीच्या निम्म्याहूनही कमी, थेंबाथेंबाने द्यावे लागते.

इटोमिडेट हे या दृष्टीने सोज्वळ. रक्तदाबाला ते फारसे हलवत नाही. ७०च्या दशकात ते युरोपात आले तेव्हा अत्यवस्थ रुग्णांसाठी हेच उत्तर, असे वाटले होते. पुढे ग्लासगोच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की अतिदक्षता विभागात ज्यांना हे औषध सतत ठिबकत होते, त्यांच्यात मृत्यू वाढले आहेत. १९८३ साली त्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये कळवले. कारण पुढे स्पष्ट झाले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी संकटकाळी जे स्टेरॉइड बनवतात, त्याची निर्मितीच हे औषध रोखते. सतत देणे तेव्हापासून बंद झाले. मात्र एकच मात्रादेखील ती निर्मिती काही तास, कधी दिवसभर, दाबून ठेवते. एका मात्रेने जीव जातो का, यावर अजून वाद आहे.

तिसरे औषध केटामिन. १९६२ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले, १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धभूमीवर वापरले गेले. झोपही येते, वेदनाही शमते, श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब पडण्याऐवजी थोडा चढतो. स्वस्तही आहे. आमच्यासारख्या गावांत, वीज गेलेल्या रात्री, या औषधाने किती जीव तारले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मग सर्वांना तेच का देऊ नये? कारण केटामिन रक्तदाब चढवते ते शरीराच्याच अ‍ॅड्रेनलिनच्या साठ्यावर. दोन-तीन दिवस झुंजून ज्याचा साठाच संपला आहे, अशा रुग्णात ते हृदयाला थेट मंदावते आणि रक्तदाब पडू शकतो. २००९ साली फ्रान्समध्ये ६५५ अत्यवस्थ रुग्णांवर या दोन औषधांची तुलना झाली. अवयवांच्या पुढील स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. इटोमिडेट घेतलेल्यांत ग्रंथी मंदावलेल्या मात्र अधिक दिसल्या. मला यातून एवढेच कळते की सर्वांसाठी एक उत्तम औषध, अशी वस्तू नाही. समोरच्या या माणसासाठी आज रात्री कमी वाईट कोणते, हे ठरवावे लागते. आणि ते ठरवताना सर्वांत मोलाची माहिती रक्ताच्या अहवालात नसते. ती आपल्यापाशी असते.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शहात्तर वर्षांच्या एक आजी रात्री दहाला आल्या. दोन दिवस पोट दुखत होते, पोट लाकडासारखे कडक. जठराला भोक पडले होते. वरचा रक्तदाब ९४, नाडी १२४. मुलगा म्हणाला, "बीपीची एक गोळी, बाकी काही नाही." आजींच्या हातांची कातडी कागदासारखी पातळ झाली होती, कोपरापर्यंत काळेनिळे डाग, चेहरा मात्र गोल. मी पुन्हा विचारले, मुलगा पुन्हा तेच म्हणाला. सूनबाई गप्प होत्या. मुलगा रक्तपेढीकडे गेला, तशा त्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, गुडघ्यासाठी पुडी घेतात त्या. दोन वर्षं झाली. मीच आणून देते. ह्यांनी बंद करायला सांगितली होती, पण आईंना त्याशिवाय उठताच येत नव्हतं. ह्यांना सांगू नका."

सांधेदुखीच्या आणि दम्याच्या अशा बिननावाच्या पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी आळसावतात, आणि संकटकाळी जागच होत नाहीत. त्या एका वाक्याने माझा निर्णय बदलला. रक्तदाब न हलवणारे म्हणून इटोमिडेट मी मनाशी जवळजवळ ठरवले होते. ज्या ग्रंथी आधीच झोपल्या आहेत त्यांना आणखी दाबणारे ते औषध आता बाजूला ठेवले. हायड्रोकॉर्टिझोन शिरेतून दिले. प्रतिजैविके आणि सलाईन सुरू करून चाळीस मिनिटे घेतली. शल्यचिकित्सक घाईत होते, पण त्यांनाही ते पटले. नाकातून नळी घालून जठर रिकामे केले. मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवली, म्हणजे रक्तदाब ठोक्यागणिक दिसेल. आणि रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन हे औषध रक्तदाब पडायची वाट न पाहता झोपेच्या आधीच सुरू केले. मग केटामिन, नेहमीच्या साधारण निम्मे, सावकाश. वृद्धांचे रक्ताभिसरण संथ असते. हातात दिलेले औषध मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. झोप येत नाही म्हणून घाईने दुसरी मात्रा दिली, तर थोड्या वेळाने दोन्ही मात्रा एकदम पोहोचतात. म्हणून घड्याळाकडे पाहत थांबणे हादेखील भूल देण्याचाच भाग आहे.

रक्तदाब ७८ पर्यंत उतरला, पण सावरला. चार दिवस कृत्रिम श्वास, मग अतिदक्षता विभागातला गोंधळ, आणि एकोणिसाव्या दिवशी आजी घरी गेल्या. मुलाला मी पुडीबद्दल सांगितले. सूनबाईंचे नाव घेतले नाही.

वाचकहो, हे सांगण्याचे कारण आपल्या लक्षात आले असेलच. काळजी घेणारी व्यक्ती पुष्कळदा एखादी गोष्ट लपवून वागत असते : पुडी, झोपेची गोळी, रोजचे दोन पेग, अर्ध्यावर सोडलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या. दोष आपल्यावर येईल ही भीती त्यामागे असते. भूलतज्ज्ञ तिथे कोणाचा न्याय करायला बसलेला नसतो. काही रक्तदाबाच्या गोळ्या भुलेच्या वेळी रक्तदाब हट्टाने खाली ओढतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठते. वजन व साखर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शने जठर रिकामे होऊ देत नाहीत, आणि मग झोप लागताच अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. पाकिटे न वाचता आलेल्या घाईत आपण फक्त सगळा औषधांचा डबा उचलून आणलात, तरी निम्मे काम झाले. स्वयंपाकघरातल्या फडताळातील बरणीतली पुडीसुद्धा त्यात असू द्या.

"किती दिवस अंथरुणाला खिळून आहेत?" हा माझा प्रश्न अनेकांना चौकशीवजा वाटतो. तो तसा नसतो. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारे औषध द्यावे लागते. त्यातले सर्वांत झटपट असलेले सक्सिनिलकोलीन रक्तातले पोटॅशियम थोडे वाढवते. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. पण पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली असेल, माणूस अनेक आठवडे पडून असेल, किंवा मूत्रपिंडे बिघडून पोटॅशियम आधीच चढलेले असेल, तर तेच औषध हृदय थांबवू शकते. अशा वेळी रोक्युरोनियमसारखे दुसरे औषध निवडतात. आपल्या एका उत्तरावर ही निवड अवलंबून असते.

पुष्कळ जण विनवतात, "पूर्ण भूल नको, कमरेतून द्या." मांडीचे हाड खुब्याशी मोडलेल्या, बाकी ठीक असलेल्या आजोबांना कमरेतली भूल उत्तम चालते. तरी ती नेहमीच अधिक सुरक्षित, हा समज खरा नाही. खुब्याच्या अस्थिभंगाच्या १,६०० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळपास सारखे आले. रक्तदाब आधीच डगमगत असेल तर कमरेतली भूल शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल करते, आणि ते आवरणे अवघड जाते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मणक्यात रक्तस्रावाची भीती वेगळी.

एका गोष्टीबद्दल आमच्यात मोकळेपणाने बोलले जात नाही, पण आपल्याला ती कळायला हवी. रुग्ण जितका अत्यवस्थ, तितकी भूल हलकी द्यावी लागते. कधी इतकी हलकी, की स्नायू सैल पडलेल्या त्या माणसाला काही ऐकू येत असेल का, ही शंका मनात राहते. ब्रिटन आणि आयर्लंडमधील २०१४च्या मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेदरम्यान जाग आल्याची तक्रार साधारण १९ हजार भुलांमागे एक इतकी विरळ आढळली. पण तातडीच्या शस्त्रक्रियांत, स्नायू सैल करणारी औषधे दिलेल्यांत तिचे प्रमाण अधिक होते. खोल झोप की चालते हृदय, असा पेच पडला तर मी हृदय निवडतो. मात्र जे देता येईल ते वेदनाशामक देत राहतो, रक्तदाब सावरताच झोप वाढवतो, आणि रुग्णाच्या कानाशी त्यांना ज्या नावाने घरी हाक मारतात त्या नावाने बोलत राहतो. काका, मी इथेच आहे, ऑपरेशन चालू आहे, नीट चालले आहे. कनिष्ठ डॉक्टरांना प्रथम हे विचित्र वाटते. पुढे तेही बोलू लागतात. घरी कोणत्या नावाने हाक मारता, हे म्हणूनच मी आपल्याला विचारतो.

सगळेच घरी जात नाहीत. ज्यांचे हृदय, मूत्रपिंडे, फुप्फुसे सगळी आधीच थकली आहेत, अशा नव्वदीतल्या माणसाच्या आतड्याचा मोठा भाग काळा पडला असेल, तर कोणतेही औषध निवडले तरी फरक पडत नाही, असे मला स्पष्ट सांगावे लागते. जोखमीच्या संमतिपत्रावर सही करताना आपला हात थरथरतो, तेव्हा सही करणे म्हणजेच प्रेम आणि न करणे म्हणजे सोडून देणे, असे आपल्याला वाटत असते. तसे नाही. वेदना शमवून, जवळ बसून शेवटचे तास जाऊ देणे हादेखील एक वैद्यकीय निर्णय आहे आणि तो मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्यासाठी रुग्णाला स्वतःला काय हवे होते, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. रात्री दोन वाजता तीन भावंडांनी ते पहिल्यांदा एकमेकांना विचारावे, असे प्रसंग मी फार पाहिले आहेत. आपण स्वतः ज्येष्ठ असाल तर हे आजच मुलांना सांगून ठेवा. त्यांना विचारण्याचे धाडस होत नाही.

शस्त्रक्रिया करायचे ठरले, की अंगावरचे दागिने आणि दातांची कवळी काढून आपल्याजवळ ठेवा. शेवटचे अन्नपाणी केव्हा घेतले ते खरे सांगा. अर्धा कप चहासुद्धा. पूर्वी कधी भूल दिली असता जाग यायला फार वेळ लागला होता का, रक्ताच्या नात्यात कोणाला तसे झाले होते का, हेही सांगा. नंतरचे काही दिवस आपले माणूस भांबावलेले, संतापलेले, कधी आपल्यालाही न ओळखणारे असू शकते. भूल "डोक्यात गेली" असे लोक म्हणतात. जंतुसंसर्ग, वेदना, तुटलेली झोप आणि दिवसरात्र जळणारे दिवे या सर्वांचा तो परिणाम असतो, आणि बहुतेकांत तो काही दिवसांत ओसरतो. झोपेची गोळी द्या, असा आग्रह त्या वेळी धरू नये. वृद्धांचा गोंधळ तिने वाढतो. चष्मा आणि कानाचे यंत्र मात्र पिशवीत बरोबर आणा, आणि शुद्ध येताच परिचारिकेकडे मागून ते त्यांना घाला. यंत्राचे सेल संपलेले नाहीत ना, तेवढे पाहून.